हाताने जुळवलेला महागडा कॅमेरा: पैसे नेमके कशाचे?

प्रश्न असा आहे. कोल्हापुरात नोकरी सांभाळून फोटो काढणाऱ्या एकांनी साडेचार लाख रुपये बाजूला ठेवले आहेत आणि लायका या जर्मन कंपनीच्या एम मालिकेतला कॅमेरा घ्यायचं त्यांच्या मनात आहे. त्यांचे विषय चार: तालमी, जोतिबाची चैत्र यात्रा, पन्हाळा आणि घरची माणसं. पितळेचा, हाताने जुळवलेला, जुन्या धाटणीचा कॅमेरा खरोखर एवढ्या किमतीचा असतो, की सगळे पैसे नावाचेच, असं त्यांना विचारायचं आहे.

आधी थोडक्यात उत्तर. यांत्रिक फिल्म बॉडी (म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा), वापरलेली, नीट तपासलेली आणि सर्व्हिसिंगचा खर्च आधीच धरून घेतलेली असेल, तर पैसे वसूल होतात. त्याच धाटणीची डिजिटल बॉडी बहुतेकांनी घेऊ नये. आणि तुमच्या चार विषयांपैकी दोन या कॅमेऱ्याला झेपणारे नाहीत, त्यामुळे सगळी रक्कम त्यात घालू नका.

आता कारणं. फिल्मच्या रोलला तो कुठल्या बॉडीत बसलाय हे कळत नाही. ट्रायपॉडवर ५० मिमीची चांगली लेन्स एफ/५.६ ला ठेवून (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं) एक फ्रेम लायका एम६ मधून आणि एक निकॉन एफएम२ या आरसा असलेल्या यांत्रिक फिल्म कॅमेऱ्यातून काढा. १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटवरून बॉडी ओळखणं कुणालाही जमणार नाही. बॉडीची कामं मोजकीच: आत अंधार ठेवणं, फिल्म सपाट धरणं, शटर ठरलेल्या वेळेपुरतं उघडणं आणि लेन्सला फिल्मपासून नेमक्या अंतरावर धरणं. एम माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यात, हे अंतर २७.८० मिमी असतं. फिल्मवर एखादा बिंदू ०.०३ मिमीच्या ठिपक्याएवढा पसरला तरी चालतो असं धरलं, तर एफ/१.४ ला फिल्म पुढेमागे ०.०४ मिमी सरकली तरी खपतं, त्यापुढे नाही. फिल्मचा स्वतःचा बाक, माउंटची झीज, लेन्सची जुळवणी हे सगळं त्या ०.०४ मध्ये बसवायचं असतं, म्हणून बॉडीच्या वाट्याला शतांश मिलिमीटरच उरतात.

शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत धातूची भोकं अचूक मापात आणणाऱ्याला हा आकडा ऐकून घाम फुटणार नाही. असं माप तिथल्या सीएनसीवर रोज निघतं. याच गावात १९१८ साली बाबूराव पेंटर आणि दामले यांनी चित्रपटाचा कॅमेरा जोडून चालता केला होता, त्यामुळे कॅमेरा म्हणजे शेवटी लेथवर निघणारं यंत्र आहे हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. थोडक्यात, नुसत्या अचूक धातुकामासाठी आज कुणी लाखो रुपये मोजू नयेत. तेवढी अचूकता एफएम२ मध्येही आहे.

खरा खर्च रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे अंतर जुळवून फोकस करणाऱ्या यंत्रणेत आहे. एम बॉडीची लेन्स काढून माउंटच्या आत वरच्या बाजूला पाहा. एका दांड्याच्या टोकाला छोटी गोल चकती दिसेल, बोटाने हलकेच दाबली तर मागे जाते. लेन्सची फोकस रिंग फिरवली की लेन्सच्या मागची कड या चकतीला ढकलते, दांडा वर व्ह्यूफाइंडरमधला (डोळा लावून पाहायच्या खिडकीतला) भाग हलवतो आणि मधल्या उजळ चौकोनातली दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस झाला. ऐकायला सोपं आहे, पण आकडे पाहा. ५० मिमीची लेन्स सर्वांत दूरच्या खुणेवरून ०.७ मीटरवर आणली की साधारण साडेचार मिलिमीटर पुढे येते. त्यातलं तीन मीटरपासून क्षितिजापर्यंतचं सगळं अंतर एक मिलिमीटरच्याही आत मावतं. म्हणजे दहा मीटरवरचा माणूस आणि वीस मीटरवरचा माणूस यांतला फरक त्या चकतीच्या केसभर हालचालीत मोजला जातो. चकती थोडी झिजली, दांडा थोडा वाकला किंवा कॅमेरा एकदा आपटला, तरी चौकोनात प्रतिमा जुळलेल्या दिसतात आणि फोटो मात्र मऊ येतो.

ही जुळवणी यंत्रावर आपोआप होत नाही. शंभरेक सुटे भाग बसवून झाले की माणूस कॉलिमेटरसमोर (फोकस तपासायच्या उपकरणासमोर) बसतो, आधी दूरचा फोकस लावतो, मग जवळचा, मग प्रतिमा वरखाली हलली असेल तर ती. आणि एक लावताना दुसरं हललं की पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या पगाराचे पैसे कॅमेऱ्याच्या किमतीत असतात, आणि ते योग्य आहेत असं माझं मत आहे. त्याने केलेली जुळवणी वीस वर्षांनी बिघडली तर दुसरा माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती परत आणू शकतो. १९५४ च्या एम३ वर हे आजही होतं. महागड्या यांत्रिक कॅमेऱ्यात तुम्ही विकत घेता ती ही गोष्ट: बिघडल्यावर पूर्ववत होण्याची क्षमता. ती वापरणार नसाल, म्हणजे सर्व्हिसिंग करणार नसाल, तर किंमत फुकट गेली.

बाकीचे पैसे बरेचसे नावाचे आहेत, हेही स्पष्ट सांगायला हवं. बरेच भाग पोर्तुगालमधल्या कारखान्यात तयार होतात, त्यात काही कमीपणा नाही; पण 'सगळं वेट्झलारमध्येच (लायकाच्या जर्मनीतल्या गावात) घडतं' असं कुणी सांगून भाव वाढवत असेल तर ऐकू नका. १९८४ ते २००२ मधल्या एम६ चं वरचं झाकण जस्ताच्या मिश्रधातूचं, साच्यात ओतलेलं आहे. दमट हवेत त्यावर रंगाखाली फोड येतात. २०२२ मध्ये पुन्हा काढलेल्या एम६ ला पितळेचं झाकण आहे. फोड आलेला जुना एम६ चालायला उत्तम असू शकतो आणि स्वस्त मिळतो, दिसण्याचं वाईट वाटत नसेल तर तो जरूर घ्या. खास आवृत्त्या, सोनेरी मुलामा, मगरीचं कातडं यांच्यासाठी मात्र एक रुपयाही जादा देऊ नका.

डिजिटल बॉडीबद्दल. रेंजफाइंडर तोच, पितळही तेच, पण आत सेन्सर आहे आणि सेन्सरला यांत्रिक दुरुस्तीचा नियम लागू होत नाही. २००९ चा एम९ हे याचं ठळक उदाहरण. त्याच्या सेन्सरवरची काच दमट हवेत गंजायची, फोटोत आकाशाच्या जागी गोल डाग दिसायचे. कंपनीने बरीच वर्षं सेन्सर बदलून दिले. पण २०२० पर्यंत त्या जातीचे सेन्सरच संपले. सुमारे सात हजार डॉलरला निघालेल्या बॉडीचं आयुष्य असं एका सुट्या भागावर अडकलं. एम९ शोधणारे अजून आहेत. घ्यायचाच असेल तर एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढून डाग बघा आणि बदललेल्या सेन्सरचा कागद मागा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मी तो सुचवणार नाही.

आता तुमचे विषय. घरची माणसं आणि पन्हाळा यांसाठी एम बॉडी आणि ३५ मिमी लेन्स फार छान जमतं. आरसा नसल्यामुळे शटर दाबताना धक्का नसतो, हात स्थिर असेल तर १/१५ सेकंदालाही फोटो टिकतो, आवाज इतका कमी की स्वयंपाकघरात बसलेली आजी मान वळवून बघत नाही. तालमीचं गणित वेगळं आहे. सकाळी तालमीत उजेड कमी असतो. ४०० आयएसओच्या (उजेडाला संवेदनशीलतेच्या मापाच्या) फिल्मवर एफ/२ ला १/६० सेकंद मिळालं तरी नशीब. मातीत बसलेला, अंगाला तेल लावणारा पैलवान १/६० ला येईल. डाव टाकताना मात्र किमान १/२५० हवं, म्हणजे फिल्म १६०० पर्यंत ढकलावी लागते (१६०० ची धरून फोटो काढायचे आणि धुलाईत वेळ वाढवायचा), तीही बाजूला चांगली खिडकी असेल तर. शिवाय हलणाऱ्या माणसावर हाताने दोन प्रतिमा जुळवत बसायला वेळ नसतो. त्या कामाला ६४०० आयएसओ सहज देणारी ऑटोफोकसची डिजिटल बॉडीच हवी.

जोतिबाची यात्रा तर याहून अवघड. गुलाल फार बारीक असतो. लायका एम किंवा एफएम२, कुठल्याच जुन्या बॉडीला धुळीपासून बंदिस्त केलेलं नसतं. गुलाल लेन्सच्या फिरणाऱ्या आट्यांतल्या ग्रीसमध्ये बसतो, त्याचा लगदा होतो आणि महिन्याभराने फोकस रिंग खरखरायला लागते. शटर स्पीडच्या चकतीखालूनही तो आत जातो. नेलाच तर लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर लावा, कारण सासनकाठ्यांवर उधळलेलं खोबरं थेट काचेवर येतं. झाकणांच्या फटींवर कागदी मास्किंग टेप चिकटवा आणि डोंगरावर लेन्स बदलूच नका. घरी आल्यावर आधी कॅमेरा उलटा, तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने फुंकरा, मग मऊ ब्रश, आणि ओल्या फडक्याचा नंबर सगळ्यात शेवटी. कॉम्प्रेसरची हवा कधीही नको, ती गुलाल आतच ढकलते.

लांबचा विषय, जवळून फूल, क्रिकेट यांसाठी हा कॅमेरा नाही. ९० मिमीची चौकट व्ह्यूफाइंडरमध्ये लहानशी दिसते आणि ०.७ मीटरच्या आत फोकस होत नाही.

वापरलेली बॉडी घेताना काय तपासायचं ते नीट सांगतो, कारण पैसे बुडतात ते इथेच.

पहिलं काम दूरच्या फोकसचं. रंकाळ्याच्या काठावरून पन्हाळ्याच्या बाजूचा डोंगर किंवा किलोमीटरभर लांबचा मोबाईल टॉवर धरा, लेन्स शेवटच्या खुणेवर न्या. चौकोनातल्या दोन प्रतिमा तंतोतंत एकावर एक बसायला हव्यात. टॉवरची उभी रेघ आडवी सरकली असेल तर चकतीचं मूळ माप बदललंय; प्रतिमा वरखाली असेल तर ती वेगळ्या स्क्रूने लागते, एम६ मध्ये तो लाल बिल्ल्याच्या मागे असतो. दोन्ही दुरुस्त होतात, पण किमतीतून तेवढं कापून घ्या. मग जवळचं. टेबलावर मोजपट्टी ४५ अंशात तिरकी ठेवा, एक मीटरवरून एका ठरावीक आकड्यावर फोकस करा, एफ/२ ला फ्रेम काढा. ५० मिमी लेन्सचा धारदार पट्टा तिथे जेमतेम पाच सेंटीमीटरचा असतो. तुमचा आकडा त्या पट्ट्याच्या मध्यावर हवा. व्ह्यूफाइंडरचा मधला चौकोन फिका आहे का तेही पाहा. एम३ मध्ये प्रिझमचा जुना चिकट थर सुटला की प्रतिमा काळी पडते, आणि ही दुरुस्ती बाकी सगळ्यापेक्षा महाग आहे. अशी बॉडी सोडून द्या.

शटरसाठी आधी कान वापरा. एक सेकंदावर दाबलं की आतल्या चाकांचा एकसारखा गुरगुराट यायला हवा. मध्ये अडखळला, किंवा १/८ वर शटरचा पडदा अर्ध्यात थांबला, तर जुनं ग्रीस वाळलं आहे. नंतर बॉडी ट्रायपॉडवर लावा, खालचं झाकण काढा, मागची झडप उघडा, समोर पांढरा दिवा ठेवा आणि मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. पडद्याच्या मधोमध एकच बिंदू धरून उजेड किती फ्रेम दिसतो ते मोजा: १/३० ला आठ, १/१५ ला सोळा. एखादी फ्रेम इकडेतिकडे चालते, तीन-चार नाही. १/५०० आणि १/१००० मोबाईलने मोजता येत नाहीत. त्यांच्यासाठी एकसारख्या उजेडातली कोरी भिंत त्या स्पीडला फिल्मवर घ्या. फ्रेमची एक बाजू काळपट आली तर दोन पडदे सारख्या वेगाने धावत नाहीत. हा दोष विकणारे सांगत नाहीत, कारण बहुतेकांना तो माहीतच नसतो.

कापडी पडद्याला आणखी एक धोका आहे. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळे लेन्स उघडी ठेवून कॅमेरा एप्रिलच्या उन्हात सूर्याकडे तोंड करून पडला तर पडद्यावर भिंगासारखा ठिपका पडतो आणि रबर लावलेलं कापड जळतं. मग प्रत्येक फ्रेमवर त्याच जागी पांढरा डाग येतो. तपासायला लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत पुढून टॉर्च लावा आणि मागच्या झडपेतून बघा, एकदा शटर चढवून आणि एकदा न चढवता, कारण दोन वेळी वेगवेगळा पडदा समोर असतो. वापरताना सवय एकच लावा: गळ्यात असताना झाकण लावलेलं, किंवा लेन्स एफ/१६ वर आणि फोकस जवळच्या अंतरावर.

लेन्समागे मोबाईलची टॉर्च तिरकी धरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. सगळीकडे दुधी पापुद्रा म्हणजे तेलाची वाफ बसली आहे. दुधी पापुद्रा बहुतेक वेळा साफ होतो. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर काच साफ होते, पण डाग राहतो.

जुन्या बाजारात 'लायका' म्हणून सोव्हिएत फेड किंवा झोर्की बऱ्याचदा पुढे येतात, वर जर्मन अक्षरं कोरलेली, कधी सोनेरी. त्यांची लेन्स आट्यांची असते. लेन्स काढून आतला दांडा बघा: खऱ्या लायकाला टोकाला गोल चकती असते, फेड आणि झोर्कीला पाचरीसारखा चपटा तुकडा. ते कॅमेरे चालतात, पण त्यांची किंमत हजारांत असते, लाखांत नाही.

लेन्सवर खर्च करताना घाई नको. लायकाची ५० मिमी एफ/२ समिक्रॉन आजही जी विकली जाते, तिची मूळ रचना १९७९ ची आहे, आणि ती खरंच उत्तम आहे. पण त्याच माउंटच्या फोइग्टलँडर लेन्स जपानच्या कोसिनामध्ये बनतात, किमतीला एक तृतीयांशाच्या आसपास पडतात आणि फिल्मवर फरक शोधावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: जपानी ३५ मिमी नवी घ्या, वाचलेले पैसे फिल्ममध्ये आणि सर्व्हिसिंगमध्ये घाला.

फिल्मचा खर्च लोक धरतच नाहीत. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून दीड हजार धरा. ३६ फ्रेम म्हणजे एका फोटोला चाळीसच्या वर. महिन्याला दोन रोल म्हणजे वर्षाला छत्तीस हजार, पाच वर्षांत एक लाख ऐंशी हजार. वापरलेल्या बॉडीइतके पैसे पुन्हा लागतात.

म्हणून साडेचार लाखांची वाटणी मी अशी करेन. तपासलेली एम२ किंवा फोड आलेली एम६, दीड ते अडीच लाखांत. किमतीचा सातवा-आठवा हिस्सा सर्व्हिसिंगसाठी राखीव. एक ३५ मिमी लेन्स. आणि उरलेल्यात यात्रेसाठी आणि तालमीसाठी पावसाधुळीला बंदिस्त असलेली, वापरलेली डिजिटल बॉडी. हाताने फोकस करणं आवडेल की नाही याचीच शंका असेल तर आधी एफएम२ आणि ५० मिमी घेऊन सहा महिने वापरा. तीसेक हजारांत काम होतं, शटर १/४००० पर्यंत जातं आणि बॅटरी संपली तरी चालतं. त्यात आरशाखालचा आणि मागच्या दाराचा काळा फोम चिकट झालेला असतो, तो काढून स्पिरिटने खोबणी पुसा आणि दीड-दोन मिलिमीटरचा नवा फोम बसवा. शटरच्या पात्यांना बोट लावू नका.

बॉडी दुरुस्तीसाठी परदेशी पाठवावी लागली तर पाठवतानाच कागदावर सिरीयल नंबर आणि 'दुरुस्तीनंतर परत येणार' अशी नोंद करून घ्या, नाहीतर परत येताना पूर्ण किमतीवर सीमाशुल्क मागितलं जाऊ शकतं.

जून ते सप्टेंबर सांभाळा. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. तीसच्या खाली नेऊ नका, ग्रीस वाळतं. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी हिरवे झाले, की ११० अंशांवर दोन तास तापवून परत घाला. आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून प्रत्येक स्पीडवर दहा वेळा शटर दाबा. नुसता जपून ठेवलेला यांत्रिक कॅमेरा वापरलेल्यापेक्षा लवकर आखडतो.

एक शेवटची चूक जी नव्याने एम हाती घेणाऱ्यांकडून हमखास होते: फिल्म पकडली न जाणं. खालून टाकलेली फिल्मची सुरुवातीची पट्टी रिळात नीट न बसता सुटते आणि काउंटर ३६ पर्यंत गेला तरी आत एकही फ्रेम आलेली नसते. खालचं झाकण लावल्यावर रिवाइंडचं बटण फिरवून फिल्मची ढिलाई काढा. मग लिव्हर ओढताना त्या बटणाकडे पाहा. ते उलट दिशेने फिरत असेल तरच फिल्म पुढे सरकते आहे. फिरत नसेल तर झाकण उघडा आणि पुन्हा बसवा.